पुतळ्याची गाठ

"बाबागाडीत बसवताना पोरीच्या गळ्यात लांब टोकाचं काही ठेवू नका हं," असं पाळणाघरातल्या मावशींनी मला थंडी सुरू झाली त्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, झालं, आता या मला शिकवणार. मावशी जेमतेम सातवी शिकलेल्या. मी पदवीधर, शिवाय द्राक्षाचे चार-चार तुकडे करून भरवणारी, पोरगी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासणारी आई. "मावशी, स्कार्फ आहे तो, फास नाही," मी हसून म्हणाले. त्या हसल्या नाहीत.

माझ्या काळजीचं कुंपण सगळीकडून पक्कं होतं. फक्त नणंदेच्या बाजूचं फाटक सताड उघडं.

नणंद एका कपड्यांच्या दुकानात काम करते आणि स्वतःला स्टायलिस्ट म्हणवते. खरं काम म्हणजे काचेआडच्या पुतळ्यांना कपडे चढवणं. ते ती छान करते, हे कबूल. पुतळे कधी तक्रार करत नाहीत. स्कार्फवर तर तिचा इतका जीव, की थंडी पडली की तिला चेव येतो. "घसा झाकला की निम्मी थंडी पळते, आणि नीट बांधला की निम्मं वय," हे तिचं लाडकं वाक्य. माझ्या गळ्यात तो साधाच गुंडाळलेला दिसला की म्हणणार, "अगं, दाढ दुखतेय का तुझी?"

या वेळी दुकानात मायलेकरांचे जोडीचे स्कार्फ आले होते. मोहरी रंग, जाड लोकर, टोकाला गोंडे. रविवारी प्रात्यक्षिक ठेवलं होतं. तिचा फोन आला, "तू आणि गुंडी उभ्या राहा ना. तुझं काही नाही, पण पोरगी फोटोत गोड येते."

एवढा अपमान पचवून मी गेले. का? पोरगी झाल्यापासून दीड वर्षात मला कुणी 'उभी राहा, लोकांना बघू दे' असं म्हटलं नव्हतं. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

प्रात्यक्षिक म्हणजे गाठी मारायचे अकरा प्रकार. पहिले दहा मला सारखेच दिसले, पण प्रत्येकाला टाळ्या पडल्या. गरम हवेच्या यंत्रासमोर बसून, घाम पुसत, बायका थंडीपासून बचाव शिकत होत्या. अकरावी गाठ नणंदेची खास. पुतळ्याची मान गुळगुळीत, त्यावर स्कार्फ घसरतो. म्हणून ती टोक दोनदा असं फिरवून घेते, की ओढ बसेल तशी गाठ आवळत जाते. वरून चपट्या गुलाबासारखी दिसते. गिऱ्हाइकांनी चाळा करून सोडू नये म्हणून आतून त्याच रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके. पुतळ्याला काय, त्याला श्वास घ्यायचा नसतो.

तीच गाठ तिने गुंडीला बांधली. टाक्यांसकट. "फोटो होईपर्यंत हलायला नको," ती म्हणाली, आणि टोक ओढून दाखवलं, "बघा, कितीही ओढा, सैल पडेल तर शपथ!"

बायका म्हणाल्या, "वा!" मीही म्हणाले. द्राक्षं चिरणारी मी.

निघताना गुंडी पेंगुळली होती. "ताई, टाके उसवा ना," मी म्हटलं. तिने कात्री शोधल्यासारखं केलं. "राहू दे गं, बाहेर वारं आहे. तेवढीच ऊब. घरी गेल्यावर उसव."

मी पोरीला बाबागाडीत निजवलं, वारं लागू नये म्हणून टप पार खाली ओढला आणि निघाले. मागून ढकलणाऱ्याला टप सोडून काही दिसत नाही. दुसऱ्या वळणावर गाडी जड झाली. डावं चाक अडत होतं. मी आधी खड्ड्यांना शिव्या दिल्या, मग गाडी निवडणाऱ्या नवऱ्याला. मग जोर लावला. पुन्हा अडलं. पुन्हा लावला.

फुटपाथवर किल्ल्या बनवणारा माणूस बसला होता. बसल्या जागेवरून त्याला टपाखालचं दिसत होतं. तो ओरडला, "ओ ताई! मागे घ्या! गाडी मागे!"

मला वाटलं, काहीतरी गळ्यात मारायचं असेल याला. मी त्याच्याकडे न बघता आणखी एक धक्का दिला.

त्याने धावत येऊन दांडाच धरला आणि गाडी सरळ मागे ओढली. चाक उलटं फिरलं, आसाला गुंडाळलेला गोंडा सुटू लागला. मी टप वर केला. गुंडीचे ओठ जांभळे झाले होते. डोळे उघडे, आवाज नाही. मी गाठीत नखं रुतवली, दात लावले, ती सुटेना. त्याने आपल्या चाकूचं पातं आत सरकवून ती कापली. पोरगी खोकली, मग असं भोकाड पसरलं की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

"रडू द्या," तो म्हणाला, "रडतेय तोवर बरं." आणि अर्धवट राहिलेली किल्ली घासायला परत बसला.

डॉक्टरांनी तपासलं. गळ्याभोवती लाल वळ, बाकी ठीक. मी तिथूनच नणंदेला फोन केला.

"अगं बाई! आणि आता?"

"आता बरी आहे."

"सुटलीस. आणि स्कार्फ?"

"कापला."

"कुठून?"

"गाठीपाशी."

"मग गेलाच म्हणायचा. शोचा पीस होता गं तो." मग म्हणाली, "राग मानू नकोस, पण चाकाकडे लक्ष नको का द्यायला? दोष स्कार्फचा नसतो, वापरणाऱ्याचा असतो."

यातलं निम्मं खरं होतं, म्हणून मी गुंडीच्या गळ्यावरचा वळ बघत राहिले. त्याचा फायदा घेऊन तिने आनंदाची बातमी दिली, "तुम्ही गेलात आणि चौदा जोड्या उचलल्या बायकांनी! 'आम्हाला घरी जमायचं नाही' म्हणाल्या, म्हणून सगळ्या पोरांना मीच बांधून दिली. टाके घालून."

"ताई, त्यांना फोन करा. आत्ता."

"वेडी का खुळी तू? 'बाई, पोराचा गळा आवळेल' असं गिऱ्हाइकाला सांगू? हंगाम आहे!"

दुकानाच्या मॅनेजरने तक्रार आली तर बघू म्हटलं. म्हणजे एखादं पोर निळं पडलं की ते फॉर्म भरून घेणार. नवरा म्हणाला, "ताई मुद्दाम करेल का? राईचा पर्वत करतेस." भावाचं हे असलं हृदय ऐकून घ्यावं, आणि त्याला त्याच हृदयासकट बाहेरच्या खोलीत झोपवावं.

पाळणाघर, दवाखाना, बागेतले बाक पालथे घालून मला चौदांतली तीन पोरं सापडली. तिघांचे टाके मी स्वतः उसवले. एकीने वर ऐकवलंच, "अहो, किती सुंदर बसली होती गाठ!" अकरा अजून कुठेतरी फिरताहेत.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या मजल्यावर, समोरच्या इमारतीत, जिन्याखाली बाबागाडी उभी असते त्या घरात, मोहरी रंगाचा गोंडेवाला स्कार्फ घातलेलं पोर असेल तर वाचणं थांबवा आणि जाऊन त्यांचं दार वाजवा. आगाऊ म्हणतील, म्हणू द्या. गाठीच्या आत टाके आहेत का बघा, आणि पोराच्या गळ्याशी तुमची दोन बोटं सहज जातात का तेही बघा.