दिलेला हात

"आई, तू काहून हात नाई लावत मले?" सत्यभामानं विचारलं, तसे पार्बताबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

लेकीला आठवा महिना. पाय केळीच्या खांबासारखे सुजलेले, बोट दाबलं की खड्डा पडे तो भरायचं नाव घेत नसे. आज तोंडही सुजलं होतं. रेच्यावर कापसाची सरकी काढणाऱ्या बायांचे हात, गाडीवानांचे पाय, पार्बताबाईनं किती माणसांची सूज उतरवली याची गणती नव्हती. अंगाला जेमतेम टेकेल असा हात ती वरून खाली बोटांपर्यंत न्यायची आणि जमिनीवर झटकायची. तिच्या हातगुणासाठी पार अकोटाहून माणसं यायची. पण हा हात पोटच्या पोरीवर चालत नाही, उलट सूज काळजाकडे चढते, असं तिच्या आजीनं बजावलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

जावई शालिकराम सकाळपासून गाडी शोधत होता. अमरावतीला डॉक्टर आहे म्हणत. पण सातासमुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई जुंपली आणि इथं कापसाला असा भाव आला, की माणसाला न्यायला गाडी उरली नाही. दुपारी तो तसाच परतला.

"साऱ्या गाड्याईत कापूस भरून राहिले. उद्या पाहू म्हंते."

उद्या! आता एकच वाट होती. हात दुसऱ्याला देता येतो, पण दिला की आपल्यापाशी उरत नाही. आणि दिवस मावळेपर्यंत देणारीनं रोग्याला शिवायचं नाही, नाहीतर हात माघारी येतो. पार्बताबाईनं पाण्याचा गडू घेतला आणि विहिणीपुढं, गोदाबाईपुढं, जाऊन उभी राहिली. लग्नातल्या मानपानापासून दोघी एकमेकींशी धड बोलत नव्हत्या.

"ईनबाई, ओंजय धरा. माहा हात घ्या तुमी."

"अन् तुमच्यापाशी काय राहीन मंग?"

"काई नाई. पोरगी वाचली म्हंजे झालं."

टोमणा मारल्याशिवाय घोटभर पाणी न पिणाऱ्या गोदाबाईनं ओंजळ पुढं केली. पार्बताबाईच्या हातांवरून ओघळलेलं पाणी तिनं झेललं आणि सुनेच्या पायांशी बसली.

"खालती न्या. वर नका नेऊ," पार्बताबाई दुरून सांगत होती.

"आई, तू लाव ना," सत्यभामा कळवळून म्हणाली. "रागावली काय माह्यावर?"

जळो मेला तो गुण, असं पार्बताबाईला वाटलं. तरी ती जागची हलली नाही. लेक जगावी म्हणूनच ती लेकीला शिवत नव्हती, पण हे त्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

उन्हं कलायच्या आत सत्यभामाला झटके आले, दातखिळी बसली. शालिकराम तिचं डोकं धरून हाका मारत राहिला. गोदाबाई पाय सोडेना. वरून खाली, वरून खाली, रडत, देवाला शिव्या देत. झटके थांबले, सत्यभामाचा श्वासही थांबला, तरी गोदाबाईचे हात थांबले नाहीत. शेवटी शालिकरामनंच ते धरले.

गोदाबाईनं दोन्ही तळवे पार्बताबाईकडे केले.

"माह्यापाशी नाई चालला, ईनबाई. तुमचा हात तुमी वापस घ्या. लोकाईच्या तरी कामी येईन."

"राहू द्या तुमच्यापाशीच," पार्बताबाई म्हणाली.

मग ती पुढं सरकली, लेकीचे पाय तिनं मांडीवर घेतले आणि दिवसभर राबून आलेल्या पोरीचे चेपावेत तसे चेपत बसली.