सासूबाईंची साक्ष

सासूबाईंना जावई पसंत नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी कधी कोणापासून लपवलीही नव्हती. बत्तीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून त्यांनी पार्सलं तोलली होती. माणसंही आपल्याला तशीच तोलता येतात, असं त्यांचं म्हणणं. लिफ्ट दुरुस्त करणारा हा जावई त्यांच्या तराजूत पहिल्या दिवसापासून हलका भरला होता. तरी आज त्या त्याच्याच बाजूने साक्ष द्यायला उभ्या होत्या.

प्रकरण गंभीर होतं. एका मंगळवारी दुपारी सव्वातीनला कोणीतरी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात शिरून त्याच्या डोक्यात हातोडी घातली. तो वाचला, पण त्या दिवसाचं त्याला काही म्हणजे काही आठवेना. समोरच्या औषधवाल्याने मात्र पळणारा माणूस पाहिला होता. आठवडाभर आधी जावयाचं त्याच दुकानात कडाक्याचं भांडण झालं होतं, म्हणून पोलिसांनी महिन्याभराने त्याला उचललं. ओळखपरेडमध्ये औषधवाल्याने सहा जणांतून त्याच्यावरच बोट ठेवलं. "हाच तो. हीच जाड मिशी," असं त्याने कोर्टातही छातीठोकपणे सांगितलं.

साक्ष होईपर्यंत सासूबाईंना बाहेर बाकावर बसवलं होतं, त्यामुळे आत कोण काय बोललं याचा त्यांना पत्ता नव्हता.

"जावई त्या दुपारी माझ्या घरी होता," त्यांनी सांगून टाकलं. "दोन ते पाच. माझ्या मोरीचा पाइप बसवत होता. म्हणजे दीड तास बसवत होता आणि दीड तास बोलत होता."

सरकारी वकील उठले. "बाई, मुलीचा संसार वाचवायला आई काहीही सांगेल, नाही का?"

"साहेब, या लग्नाला मी तोंडावर नाही म्हटलं होतं. हा आत गेला तर मुलगी माझ्याकडे राहायला येईल. खोटंच बोलायचं असतं तर उलटं बोलले असते."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं तसं गप्पही झालं.

"बरं," वकील म्हणाले, "दुसऱ्या दिवशी हा कामावर गेला तेव्हा त्याला मिशी नव्हती; आताची ही नंतर महिन्याभरात पुन्हा वाढवलेली. ओळख पटू नये म्हणून हल्ल्यानंतर त्याने ती उडवली. खरं ना?"

"नंतर कुठली? माझ्याकडे आला तोच मिशी काढून. मला इतकं हसू आलं! सोललेल्या बटाट्यासारखा दिसत होता. मी लगेच धाकट्या बहिणीला फोटो..."

सासूबाई थबकल्या. लेकीला कळलं तर रुसेल म्हणून स्वतःच्या फोनमधून त्यांनी तो फोटो तेव्हाच पुसला होता, आणि मग डोक्यातूनही. मिशी कधी काढली, हे आजवर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

"तो फोटो आहे?" बचावाच्या वकीलबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"माझ्याकडे नाही. पण माझी बहीण पत्राचं पाकीटसुद्धा टाकत नाही. तिच्याकडे असणारच."

आणि होताच. बहीण तीन तासांचा प्रवास करून फोन घेऊन आली. तज्ज्ञांनी तो तपासला. मोरीत उकिडवा बसलेला, सफाचट ओठाचा जावई, हातात पाना. फोटो तीन वाजून अकरा मिनिटांनी काढलेला, लगेच पाठवलेला. आणि सासूबाईंच्या घरापासून ते दुकान गाडीनेसुद्धा पाऊण तासावर.

वकीलबाईंनी औषधवाल्याला पुन्हा बोलावलं. आठवड्याआधीचं भांडण त्यानेही समोरून पाहिलं होतं का?

"पाहिलं होतं," तो म्हणाला. मग बराच वेळ तो जावयाकडे बघत राहिला. "पळणारा माणूस मी पाहिला, ते खरंच आहे. पण हा चेहरा... हा बहुतेक त्या भांडणातला आहे."

जावई निर्दोष सुटला. लेक बापूंच्या, म्हणजे आपल्या वडिलांच्या, खांद्यावर डोकं ठेवून रडली. जावई सासूबाईंच्या पाया पडायला वाकला, तर त्या म्हणाल्या, "राहू दे. आधी घरी जाऊन नीट जेव."

बाहेरच्या जिन्यापाशी औषधवाला भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाई, मी खोटं बोललो नाही हो. देवाशपथ मला तोच वाटला होता."

"माहीत आहे मला," सासूबाई म्हणाल्या. "खोटारडा असतास तर आज आत सगळ्यांसमोर चूक कबूल केली नसतीस."

"पण खरा माणूस अजून मोकळाच आहे."

"मग इथे उभा काय राहिलास? चल, पोलिसांना सांगू की शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. काय दिसलं तेवढंच सांग, बाकीचं गाळ."

आणि त्याला पुढे घालून त्या जिना उतरू लागल्या.