झेल्याच्या हातातला पव्वा

गौरव खोडेनं पांढुर्ण्यात गाडी घातली ती मागच्या गल्लीतून. समोरून आला असता तर चौकातल्या फ्लेक्सखालून जावं लागलं असतं, आणि त्या फ्लेक्सवर त्याचाच फोटो होता. छातीवर हातांची घडी, मागं आभाळ फाडून येणारा झेल्या. 'आपल्या मातीतला सुपरहीरो' असं वर लिहिलेलं. फ्लेक्स लागला त्या दिवशी त्यानं स्वतःच त्याचा फोटो काढून नागपूरच्या मित्रांना पाठवला होता. आज तो चुकवून आला, उधारी थकलेला माणूस दुकान चुकवतो तसा.

काल अमिता मॅडमचा फोन आला तेव्हापासून हे सुरू झालं होतं. सौंसरच्या वाचक मंडळाचा कार्यक्रम त्याच घेत होत्या. "गौरवजी, एक सरप्राइज आहे! झेल्याच्या आईचा पण सत्कार करून राहिलो आपण. तुम्ही पांढुर्ण्याहून त्यांना गाडीत घेऊन या." दीड वर्ष पुस्तक लिहिलं, पण त्याच्या गावच्या घरासमोर राहणारी ही आई, अंबाबाई, ते उघडून पाहील, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

झेल्या कोण, तर दगड झेलणारा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर दोन्ही काठांवरून दगड. हीच गोटमार. गौरवच्या चित्रकादंबरीत झेल्या त्या पात्राच्या मधोमध उभा राहतो आणि येणारा प्रत्येक दगड वरच्यावर झेलतो. त्याच्या तळहातात दगड असा निवतो, जसं रडून थकलेलं लेकरू निजावं. कोणाचं डोकं फुटत नाही.

तोंड मात्र त्यानं पंकजदादाचं दिलं. चित्रकार डिंपलनं फोटो मागितला तेव्हा जुन्या मोबाइलमधला त्याचाच पाठवला. पंकज त्याच समोरच्या घरचा, अंबाबाईचा मुलगा. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचा, आणि लहानग्या गौरवला खांद्यावर बसवून गोटमार दाखवायचा, लांबून. एका वर्षी पंकजच्याच कानशिलावर दगड बसला. पात्रातून घरी आणला तो निजवूनच, पुन्हा उठला नाही. बायको शीतल पोटुशी होती. पुढं मुलगी झाली.

एवढं खरं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण प्रकाशक म्हणाला, "हीरोला आधी खड्ड्यात पाडा. पडलेला उठला की वाचणाऱ्याला बरं वाटतं." गौरवला पानठेल्यावरचं बोलणं आठवलं. पंकज त्या दिवशी टुन्न होता म्हणे, हातात देशीचा पव्वा होता, म्हणून दगड चुकवता आला नाही. ऐकलेलं त्यानं लिहिलं. डिंपलनं दोन पानं अशी काढली, की पाहणारा थांबलाच पाहिजे. लाल डोळे, झोकांड्या, हातात पव्वा, गुडघाभर पाण्यात हसणारा पंकज. मग दगड, मग कपाळावर काठावरच्या चंडीमातेची विभूती, आणि तिच्या बळावर उठलेला झेल्या. वर्तमानपत्रात परीक्षण आलं ते याच दोन पानांवर.

अंबाबाईचं दार उघडंच होतं. ती ओट्यावर नवं हिरवं लुगडं नेसून बसली होती आणि तिची नात ऋतुजा मांडीवर पुस्तक घेऊन वाचून दाखवत होती.

"ये बाप्पा, ये. बस. चहा मांडतो. थांब पण, हे पान होऊ दे," अंबाबाई म्हणाली. "दुसऱ्या खेपेनं वाचून घेऊन राहिली मी."

गौरवनं पान पाहिलं. तेच होतं. लाल डोळ्यांचं.

ऋतुजानं त्याच्याकडं पाहिलं नाही. बोट चित्राखाली ठेवून, शाळेत धडा वाचतात तशा आवाजात ती वाचू लागली. "मंग पंकज पाण्यात उतरला. त्याच्या हातात तेलाची बाटली होती. हळद घातलेलं तिळीचं तेल. तो म्हणे, थांबा रे, थांबा, ज्याले लागलं त्यानं इकडं या. मी पांढुर्ण्याचाही नाही अन् सावरगावचाही नाही."

पानावर यातलं एक अक्षर नव्हतं. पानावर पंकजच्या तोंडून निघालेल्या फुग्यात एक शिवी होती आणि एक उचकी होती. ती गौरवनंच लिहिली होती, आणि लिहिताना हसला होता.

"अन् डोळे काहून लाल आहेत व त्याचे?" अंबाबाईनं विचारलं.

ऋतुजा क्षणभर अडली. "धूळ गेली, आजी. एवढे दगड पडून राहिले तं धूळ नाही उडन?"

"हाव, धूळ तं उडते."

गौरव उठला. "मोठीमाय, मी पाणी घेतो," म्हणत आत गेला आणि मोरीपाशी उभा राहिला. मागोमाग अंबाबाई आली, चहाचं पातेलं घेऊन. चुलीकडं तोंड करून, हळूच, जसं कोणी साखर किती घालू म्हणून विचारावं तशी ती म्हणाली,

"पोरगी लई मेहनत घेते रे. रातभर बसून जुळवलं वाटते तिनं. तिच्यासमोर काई बोलजो नोको."

गौरवनं पेला खाली ठेवला.

"मले वाचता येत नाही, गौरव. पाहाता तं येते. पेलेला माणूस कसा पाय टाकते, मी काय पाह्यला नाही? तिच्या आज्यालेच पाह्यला जलमभर. अक्षरायचं पुस्तक असतं तं मी फसली असती. तुवा तं चित्रं काढले बाप्पा."

"मोठीमाय..."

"पव्वा होता, हे खरं. मीच देल्ला होता. भंगारातला आणला, घासून घासून धुतला, कंबरेत बसते अन् झाकण सांडत नाही म्हणून. मीच तेल भरो त्यात दरसाल. माहं माहेर सावरगावचं, सासर हे. दगड कोणाचाही लागो, डोकं माह्याच घरचं फुटे. तं मी म्हणो, बेटा, फेकू नोको, लावत जाय." तिनं चहात पत्ती टाकली. उकळी येईपर्यंत ती काहीतरी गुणगुणत राहिली. ओवीच होती, तिची स्वतःची, जुनी.

*जाम नदीच्या गं पाण्या, दोन्ही काठ माहे बाई*
*एका काठी लेक माहा, एका काठी माहा भाई*

"लोकायले बाटली दिसली. वास कोण घेऊन पाह्यला?" असं म्हणून तिनं चहा गाळला आणि पहिला कप त्यालाच दिला. त्यानं घेतला. न घेण्याची हिंमत त्याच्यात नव्हती.

"दुसऱ्या आवृत्तीत बदलतो," तो म्हणाला. "आईशप्पथ बदलतो."

"बदलशीन. पण हे ज्याच्या त्याच्या घरी गेलं, ते कोण आनन वापस?"

ती रागानं बोलली असती तर गौरवला बरं वाटलं असतं. ती बशी पुसत बोलली.

सौंसरच्या वाटेवर दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे होते आणि झाडं फळांनी वाकली होती. अंबाबाई मागच्या सीटवर बसून कोणाचा बगीचा कोणता ते ऋतुजाला सांगत होती. गौरव एकच विचार करत होता, की ती दोन पानं आज पडद्यावर दाखवू द्यायची नाहीत. बाकी पुस्तक दाखवा, झेल्या उडताना दाखवा, पण ती दोन नकोत. मॅडमला बाजूला घेऊन सांगू. कोणाला कळणारही नाही. एवढं साधलं तरी पुष्कळ.

हॉलच्या दारावर मोठं बॅनर होतं. 'नशेतून नायकत्वाकडे : झेल्याची प्रेरणादायी कथा. विद्यार्थ्यांसाठी व्यसनमुक्ती व्याख्यान.' खाली त्याच पानाचं चित्र, माणसाच्या उंचीचं. लाल डोळे, पव्वा.

ऋतुजा बॅनरसमोर उभी राहिली. दोन्ही ओळी तिनं वाचल्या. तिच्या ओठांवरून ते कळत होतं.

"काय लिहिलं व बेटा?" अंबाबाईनं विचारलं.

"तुह्यं नाव लिहिलं, आजी," ऋतुजा म्हणाली. "स्वागत आहे म्हणते."

गौरवनं त्या पोरीकडं पाहिलं आणि मान फिरवली. खोटं त्यानं लिहिलं होतं, आणि ते झाकायला ती पोर जागोजागी आपला पदर फाडून देत होती.

अमिता मॅडम हारांची टोपली सांभाळत आल्या. त्यानं त्यांना बाजूला नेलं. "मॅडम, ती दोन पानं आज नको."

"अहो, काय म्हणता! त्यावरच तर सगळं आहे. तीन शाळांची मुलं बोलावली. माणूस किती खाली जातो अन् आईच्या पुण्याईनं कसा उठतो! आईंनाच विचारणार आहे मी स्टेजवर, मुलगा प्यायचा तेव्हा तुम्हाला काय वाटायचं म्हणून."

"तो पीत नव्हता."

मॅडम हसल्या. "गौरवजी, तुम्हीच लिहिलं नं?"

उत्तर होतं, पण ते कानात सांगण्यासारखं उरलं नव्हतं.

दिवे मालवले, पडदा उजळला आणि पंकज पडद्यावर झोकांड्या देत आला. पोरं खिदळली. कोणीतरी उचकीची नक्कल केली आणि हशा पिकला. स्टेजवर शालींच्या ढिगामागं अंबाबाई ताठ बसली होती. ऋतुजा पहिल्या रांगेत होती, आणि पायातल्या चपलेकडं पाहत होती.

गौरवनं मॅडमच्या हातातला माइक घेतला. घेतला म्हणण्यापेक्षा ओढला.

"हे पान खोटं आहे," तो म्हणाला. "पंकजदादा दारू पीत नव्हता. मी पाहिलं नव्हतं. मी पानठेल्यावर ऐकलं अन् लिहिलं. त्या पव्व्यात हळदीचं तेल होतं. लागलेल्या लोकांना लावायचं. दोन्ही काठांच्या."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पांढुर्ण्याचे भिवाजी होते, जिनिंगमधून निवृत्त झालेले, पानठेल्याचे जुने गिऱ्हाईक.

"काहून रे भौ, आता फिरून राहिला? आम्ही काय आंधळे होतो का? पव्वा होता हातात, या डोळ्यानं पाह्यला! पव्व्यात तेल!" ते मोकळं हसले. मनात वाईट काही नव्हतं त्यांच्या. "मंग आमच्या घरीही लई तेल असते भौ, बायको उगाच बोंबलते!"

सगळा हॉल हसला. शाळेची पोरं, मास्तर, माइकवाला. टाळ्याही पडल्या. "बघा, लेखक किती मोठ्या मनाचे," अमिता मॅडम दुसऱ्या माइकवर म्हणाल्या, "हीरोची बदनामी त्यांना सहन होत नाही!" आणि टाळ्या वाढल्या. त्या टाळ्या गौरवसाठी होत्या. तो मधोमध उभा होता आणि एकही त्याला चुकवता आली नाही. खोटं त्यानं लिहिलं तेव्हा जगानं खरं मानलं, आणि खरं बोलला तर त्याची गंमत झाली.

अंबाबाई उठली. समोर धरलेली शाल तिनं हातानं हळूच बाजूला केली, पाहुणीनं जास्तीची पोळी नाकारावी तशी. पायऱ्या उतरली, ऋतुजाचा हात धरला आणि मधल्या वाटेनं दाराकडं चालू लागली. भिवाजींजवळ क्षणभर थांबली. "भिवाजी, तुह्या पोराले लागलं होतं त्या साली, आठोते का? पायाले?" एवढंच विचारून ती पुढं गेली. भिवाजी तोंड उघडं ठेवून बसले. त्यांना काय आठवलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

गौरव धावतच बाहेर आला. त्या दोघी बस स्टँडच्या वाटेला लागल्या होत्या.

"मोठीमाय, गाडी इकडं आहे."

"असू दे बाप्पा. बस भेटते आता."

"मी सगळी पुस्तकं वापस बोलावतो. दुकानांतून, घरांतून. जिथं जिथं गेली तिथं मी जातो."

अंबाबाई चालत राहिली. ऋतुजा मात्र थांबली. आतापर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि तेच त्याला सोसवेना.

"काका," ती म्हणाली, "तुमचं घर आमच्या घरासमोर आहे. तुमच्या घरचे सुरेशआबा रोज सकाळी आमच्या ओट्यावर पेपर वाचतात. तुम्ही दिवाळीले येता तं आजीच्या हातचे अनारसे खाता. मंग लिहाच्या आधी विचारलं काहून नाही? रस्ता तं ओलांडाचा होता."

प्रश्न एवढाच होता. गौरव लेखक होता, त्याला उत्तरं सुचायची. त्या क्षणी चारदोन सुचलीही, आणि सगळी त्याला ओळखीची वाटली, पानठेल्यावरच्या बोलण्यासारखी. म्हणून त्यानं एकही दिलं नाही.

"भीती वाटली," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही खरं सांगितलं असतं. मग ते पान गेलं असतं."

ऋतुजानं ऐकून घेतलं. मान हलवली, हो किंवा नाही असं काही नाही, नुसतं कळलं म्हणून.

पांढुर्ण्याची बस लागलेली होती. त्या दोघी चढल्या, आणि गाडीची किल्ली खिशात टाकून मागोमाग तोही चढला. अंबाबाईला खिडकीची जागा मिळाली, ऋतुजा तिला टेकून बसली. गौरव दांड्याला धरून उभा राहिला, त्यांच्यापासून एका हाताच्या अंतरावर, त्यांच्याकडं पाठ न करता आणि त्यांच्याकडं न पाहता.

कंडक्टर आला. "किती?"

"तीन, पांढुर्णा," गौरव म्हणाला.

"आमचे दोन आम्ही काढतो," ऋतुजा म्हणाली, आणि आजीच्या पिशवीत हात घातला.

कंडक्टरनं दोघांकडं पाहिलं. गौरवनं मान खाली घातली. "एक," तो म्हणाला.