कडेचं कोपर

बसा मित्रांनो, चहा हातात घ्या. तुम्हाला एका कोपराची गोष्ट सांगतो. तिच्यात माझीही आली.

मी एक जुना काळा पुठ्ठा आहे. सुताराच्या गुण्यासारखा काटकोनात कापलेला. माझा अगदी तस्साच एक जोडीदार आहे. आम्हा दोघांना फोटोवर समोरासमोर ठेवलं की चौकट होते. ती सरकवायची, नको ते झाकायचं आणि फोटो कसा दिसतो ते बघायचं. आमचं काम एवढंच.

आम्हाला कापलं नॉर्मन थ्रेलकेल्डनं. तो पोस्टमन. डोंगरातल्या शेतघरांत टपाल वाटून आला की न्हाणीघरात अंधार करून फोटो धुवायचा. फोटोच्या कागदाचं खोकं रिकामं झालं, तेव्हा त्याचा तळ त्यानं स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापला. कात्रीची धार गेली म्हणून बायकोनं त्याला आठवडाभर ऐकवलं. पण आम्ही सरळ कापले गेलो, हे तिनंही कबूल केलं.

आमच्या त्या डोंगराळ मुलखात गावोगावी हौशी फोटोवाल्यांचे क्लब. फोटोंना गुण द्यायला परीक्षक दुसऱ्या गावचा बोलवायचा. फोटो कुणाचा ते त्याला सांगायचं नाही, आणि ज्याचा असेल त्यानं गप बसून ऐकायचं, असा नियम. नॉर्मनला सगळीकडून बोलावणी यायची. तो आम्हाला फोटोवर ठेवायचा, तशी माणसं म्हणायची, "खरंच की, आता बरं दिसतंय." कौतुक त्याच्या डोक्यात गेलं. माझ्याही गेलं, खोटं कशाला बोलू.

मग कर्कबेक गावची ती संध्याकाळ. चॅपलमागची, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चमागची खोली, तीसेक माणसं. एक फोटो आला, मेंढ्यांच्या लिलावाचा. रिंगणात मेंढ्या दाटल्या होत्या आणि डाव्या कडेला, कठड्यावर टेकलेलं, जाड कोटातलं कुणाचं तरी कोपर.

"मेंढ्या झकास," नॉर्मन म्हणाला. "पण हे कोपर कुणी घुसवलंय? बटण दाबायच्या आधी कडा बघाव्यात माणसानं." त्यानं मला डावीकडे ठेवलं. कोपर माझ्याखाली गेलं. माणसं हसली. वीसपैकी अकरा गुण.

मधल्या सुट्टीत चहा. चहावाल्या हेटीनं सगळ्यांच्या बशीत बिस्कीट ठेवलं, नॉर्मनच्या बशीत नाही.

"माझं बिस्कीट गं?"

"कापून टाकलं. कडेला होतं."

"काय झालं काय?"

"फोटो बेरिल टायसनचा, आणि ते कोपर तिच्या बापाचं. त्या दिवशी म्हाताऱ्यानं अख्खा कळप विकला. ती बघ, कोट चढवतेय. कॅमेरा विकून टाकते म्हणाली मला."

नॉर्मननं कप ठेवला. आम्हाला उचललं आणि दारापाशी गेला. माफी मागणं त्याला कधी जमलं नाही.

"पोरी, एक विचारायचं राहिलं. कशासाठी थांबलीस तू तिथं?"

बेरिलनं कोटाचं बटण लावायचं सोडलं. मग म्हणाली, "बाबांना फोटो काढलेला खपत नाही. आणि त्या दिवशी मलाही त्यांच्या तोंडावर कॅमेरा धरवेना. कळपावर बोली लागत होती तरी कोपर कठड्यावरून हलेना. म्हणून थांबले."

नॉर्मननं फोटो मागून घेतला, पियानोच्या झाकणावर ठेवला. या खेपेला मी उजवीकडे. तो मला सरकवत गेला. एकेक मेंढी माझ्याखाली गेली. उरलं ते कोपर, कठडा, आणि त्याच्याकडे मान वळवून बघणारी एकच मेंढी.

"कोपर तू लाजत कडेला ठेवलंस," तो म्हणाला. "म्हणून चुकून आल्यासारखं वाटलं मला. त्याला मोठं कर. बाकीच्या मेंढ्या जाऊ देत."

"तशाही गेल्याच आहेत," बेरिल म्हणाली. मग जरा हसली. "आणि गुण?"

"अकराच. नवा छापून आण, मग बघू."

तिनं कोट काढून पुन्हा खुंटीला लावला.

नवा फोटो तिनं स्वयंपाकघरात टांगला. म्हातारा पुष्कळ वेळ बघत राहिला, अन् म्हणाला, "कोपराला ठिगळ लावायला झालंय." फोटो तिथून उतरव असं मात्र तो कधी म्हणाला नाही.

पुढे नॉर्मन परीक्षणाला गेला की आधी ज्याचा फोटो त्याला शोधून चहाला बसवायचा. नियम मोडतो म्हणून दोन क्लबांनी त्याला बोलावणंच सोडलं. त्यानं मनावर घेतलं नाही. हे जग सोडून जाताना त्यानं आम्हाला बेरिलच्या हवाली केलं, आणि कर्कबेकला पुष्कळ वर्षं तिनं आम्हाला वापरलं.

आता फोटो पडद्यावर असतात, बोटानं कापता येतात. आम्ही क्लबाच्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात पडून असतो. कोपरे झिजलेत. तक्रार नाही.

फक्त एक मागणं आहे मित्रांनो. कुणी आपला फोटो घेऊन आलं, तर नुसतं छान म्हणून सुटका करून घेऊ नका आणि लगेच कापायलाही बसू नका. कशासाठी थांबलास, ते आधी विचारा. मग डबा उघडा. आणि काढाल तेव्हा माझ्या जोडीदारालाही सोबत काढा. एकट्याला मला नुसतं झाकताच येतं.