दादाच्या डोळ्यातली कपची

"केसाएवढी फट दाखव, आत्ताच्या आत्ता दुकान तुझ्या नावावर करतो!" काका ओरडला.

त्याने काचेचे दोन तुकडे टेबलावर एकमेकांना भिडवून ठेवले होते. चार दिवसांपूर्वी दादा कापत होता तीच काच. काच कापायच्या हिरकणीने रेघ मारली, दोन्ही हातांनी दाबली, कट् झालं, आणि पुढच्याच क्षणाला दादा डोळा धरून खाली बसला. सगळे धरूनच चालले की कापताना कपची उडाली. मीही मान डोलावली होती.

"ह्यातून उडाली असती तर इथे खड्डा पडला असता," काका म्हणाला. "तीस वर्षं काचा कापतोय मी. ह्यातून एक कणसुद्धा गेलेला नाही. मग ती आली कुठून? आभाळातून?"

"मला काय विचारतोस? मी काय दादाची राखण करायला बसलोय?"

दारात काकू उभी होती. टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाली, "असं म्हणणारा तू पहिला नाहीस."

माझं डोकं आणखीच सटकलं. बाबा गेल्यापासून मी आणि दादा काका-काकूकडेच आहोत. काकू दर रविवारी चर्चमध्ये पोरांना शास्त्रातल्या गोष्टी सांगते. तिच्या त्या वर्गात मी सहा वर्षं बाकावर वळवळत काढलीत. शाळा सुटली, पण त्या गोष्टी काही सुटल्या नाहीत. त्यामुळे ती कुणाबद्दल बोलतेय ते मला लगेच कळलं. जगातले पहिले दोन भाऊ. थोरल्याने धाकट्याला शेतात नेऊन मारलं, आणि भाऊ कुठाय असं देवाने विचारलं तर वर तोंड करून उलट बोलला, मी काय भावाचा राखणदार आहे?

"म्हण ना मग खुनी," मी म्हटलं. "देवाने त्याला हाकललं, कपाळावर डाग दिला. मलाही दे. ती बघ हिरकणी, टेबलावरच आहे."

"कपाळावर असं कुठे लिहिलंय? आणि डाग नाही, खूण. कशाला केली ते बरं सोयीने विसरलास."

"लोकांना कळावं म्हणून. हा बघा खुनी."

"गाढवा, कुणी त्याचा जीव घेऊ नये म्हणून! तोच घाबरला होता, भेटेल तो मला मारेल म्हणून. देव म्हणाला, नाही मारणार."

"म्हणजे सुटला."

"सुटला कुठे? जमीन गेली, घर गेलं, जन्मभर वणवण. शिक्षा झालीच. पण जीव राखला."

"आणि जो मेला त्याचं काय?"

काकूने खांद्यावरच्या टॉवेलची घडी घातली. "त्याचं रक्त मातीतून ओरडत होतं. देवाने ते ऐकलं, म्हणून तर विचारायला आला."

"सगळं माहीत होतं तर विचारायचं कशाला?"

"तेच म्हणतेय मी. कशाला विचारलं असेल?"

एवढं बोलून आत निघून गेली. काकाने घड्याळाकडे बघितलं. चार वाजता दादाची पट्टी सुटणार होती. त्या डोळ्याला दिसतं की नाही ते तेव्हाच कळणार होतं. नाही दिसलं तर दादाचं काम कायमचं संपलं. एका डोळ्याने काच कापता येत नाही. अंतर कळत नाही, काचेऐवजी बोटं कापली जातात.

मी चपला अडकवल्या आणि पळत सुटलो.

दवाखान्यात दादा बाकावर भिंतीला डोकं टेकून बसला होता. डाव्या डोळ्यावर पट्टी.

"काय रे, कुत्रं लागलं मागे?"

"काका."

तो हसला. मग म्हणाला, "त्या दिवशी काय झालं रे?"

साधंच विचारलं. जेवलास का विचारतो तसं. नुसतं "कपची उडाली" म्हटलं असतं तरी विषय संपला असता.

"तू मला गिऱ्हाइकासमोर बोललास," मी म्हटलं. "शाळेत टिकला नाहीस, इथे तरी टिक म्हणून. माझ्या हातात वाया गेलेला तुकडा होता. पिंपात टाकायचा होता. पिंप तुझ्या डाव्या हाताला होतं. मी जोरात भिरकावला. काठावर आपटून फुटला."

"पिंपावर फेकलास की माझ्यावर?"

"मला माहीत नाही, दादा." चार दिवस मी तेच चघळत होतो, खरंच माहीत नव्हतं. "पण बोलायला म्हणून तू कामाचा चष्मा वर केला होतास, काच दाबतानाही तो वरच होता. तेवढं मी बघितलं होतं."

समोरून एक बाई बाळाला थोपटत गेली, परत आली, परत गेली.

"पिंपाचा आवाज मी ऐकला होता," तो म्हणाला.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून..."

"मग!"

"आणि डॉक्टरला सांगितलंस कापताना उडाली!"

"तू स्वतः सांगतोस का बघत होतो. चार दिवस लावलेस, लेका. म्हटलं पट्टीतच म्हातारा होतोय मी."

"मग आता? माफ करशील?"

"आधी दिसू दे, मग ठरवतो." मग स्वतःच मान हलवली. "नाही, थांब. आत्ताच सांगतो. नाहीतर दिसलं तर माफ, नाही दिसलं तर नाही, असं होईल. माफ केलं. पण सहा महिने हिरकणीला हात लावायचा नाही. खिडक्यांच्या काचांना कडेने लांबीचा लगदा भरायचा, पिंप उचलायचं. आणि काकाला तू सांगायचंस, मी नाही."

तेवढ्यात नर्सने हाक मारली.

डॉक्टरांनी पट्टी काढली. डोळा लालभडक, सुजलेला. चांगल्या डोळ्यावर हात ठेवून दादाने भिंतीवरची अक्षरं वाचायला सुरुवात केली. मी दाराची चौकट धरून उभा. पहिली ओळ. दुसरी. तिसरी, चौथी. शेवटच्या ओळीला अडखळला.

"ती जरा धूसर आहे."

"येईल. दोन-तीन आठवडे द्या," डॉक्टर म्हणाले.

"पण डॉक्टर, तिथे दाराशी एक माकड शर्टाच्या बाहीने नाक पुसतंय. बरोबर दिसतंय ना मला?"

डॉक्टरांनी वळून माझ्याकडे बघितलं. "अगदी बरोबर."

मी तिथेच फरशीवर बसलो. हसू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

घरी आल्यावर काकाला सगळं सांगितलं. त्याने हात उगारला. काकू मध्ये पडली नाही. हात त्याचा त्यानेच खाली घेतला. मग म्हणाला, "पिंप भरलंय."

मी ते ओतून आलो.

डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा थेंब सांगितलेत. दादा म्हणाला, हाच घालेल. मान मागे टाकतो, तोच डोळा माझ्या हाताखाली सताड उघडतो आणि म्हणतो, घाल. आज तिसरा दिवस, अजून मला नीट जमत नाही. काल निम्मे थेंब कानात गेले.

बघा, आतून दादा ओरडतोयच, "थेंब काय काका घालणार आहे?" जातो, आत्ताच जायला हवं.