पहिला शब्द

आमच्या घरी शहाणे दोघंच. एक माहा बाप, दुसरी मी. मायचं मत वेगळं आहे, पण ते जाऊ द्या.

बाप, म्हणजे मुखरूभाऊ, झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर. पडद्याआड बसून नटाले विसरलेलं वाक्य सांगते, अन् मिजास अशी का जसं नाटक त्यानंच लिहिलं. मी दिव्यानी, आरमोरीकडची, संगणक शिकलेली. धान पिकलं का जंगली हत्तींचा कळप आमच्या भागात उतरते, म्हणून मी एक एआय एजंट बनवला. गावागावातून येणारे निरोप तो वाचते, कळप कुठी जाईल ते ठरवते अन् वाटेतल्या माणसाले फोन लावते.

लेकाचा हुशार, पण भल्ला विसराळू. एका गावात शिकलेलं दुसऱ्या गावात साफ पुसलेलं. दरवेळी नव्यानं नकाशा पाहणार, नाले शोधणार, डोकं खाजवणार. तेवढ्यात हत्तींनी लच्छूभाऊची झोपडी चपटी केली. लच्छूभाऊ बोडीत, म्हणजे शेताच्या तळ्यात, उडी मारून वाचला. एजंटचा फोन आला तो पाण्यात! ग्रामसभेत माहा असा उद्धार झाला का विचारू नोका. पुन्हा उशीर झाला तर हा डबा बंद, असं ठरलं.

मले आला राग. आजवर शिकलेलं सारंच्या सारं मी त्याच्या डोक्यात एकदम कोंबलं. तर तो आणखीनच सुस्त झाला! साधा निरोप आला तरी अख्खं बाड वाचत बसे.

मग एक दिवस तालमीत बापाकडे पाहता पाहता डोक्यात उजेड पडला. नट अडला म्हणून बाप काही अख्खा प्रवेश वाचत नाई. पहिला शब्द सोडते, बस. बाकीचं नटाच्या पोटात असतेच. लहानपणापासून हे डोळ्यापुढं, अन् मी बैताड बाडं कोंबून राह्यली!

घरी येऊन प्रत्येक शिकलेल्या कामाचं वेगळं पुडकं बांधलं. वर नाव, अन् ते कधी सोडायचं हे एका ओळीत. एजंटनं नुसती नावं पाहायची, लागेल तेवढंच पुडकं सोडायचं. नवं काही जमलं का त्याचं पुडकं त्यानंच बांधायचं, फसलं का फेकून द्यायचं.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवशी गावात नाटक होतं. हत्तींच्या धाकानं दिवस बुडताच पडदा उघडायचं ठरलं. सारं गाव मांडवात, अन् माय नाल्याकाठच्या आमच्या धानाच्या बांदीत कापल्या पिकाचं पुंजणं, म्हणजे गंजी, राखत बसलेली.

"माय, चाल नं," म्हटलं.

"पुंजणं काय तुहा डबा राखन?" म्हणे.

मी पडद्याआड बापाजवळ लॅपटॉप घेऊन बसली. नाटक रंगात आलं अन् राखणीवरच्या प्रणितभाऊचा निरोप आला. कळप बोडीत उतरला होता. मायच्या बांदीखालच्याच बोडीत!

पण एजंटनं एकच पुडकं सोडलं, लच्छूभाऊच्या गावात शिकलेलं: पाणी पिऊन कळप नाल्यानं वर चढते, नाल्याकाठचा माणूस आधी काढा. गाव दुसरं, नाला दुसरा, अक्कल तीच. मी निरोप पुरा वाचायच्या आधीच त्यानं मायले फोन लावला होता.

"आशाबाई, नाल्यात उतरू नोका. पांदणीच्या वाटेनं गावात या. आत्ताच निघा."

तिकडून फोन कटला.

मी बापाच्या कानात सांगितलं. तरी तो शब्द देत राह्यला. नाल्याकडून हत्तीचा चीत्कार आला. राखणीवाल्यायलेही एजंटनं तिकडेच धाडलं होतं. त्यायचे टेंभे पाहून कळप जंगलाकडे वळल्याचा निरोप आला. पण माय?

तेवढ्यात मांडवाच्या टोकाशी ती दिसली. पांदणीच्या चिखलानं भरलेली, हातात काठी. बापानं तिले पाह्यलं अन् तो नाटकच विसरला. इकडे रंगमंचावर नायक हात उगारून उभा, शब्दाची वाट पाहून राह्यला. बापाच्या तोंडून आवाज निघन तर शपथ!

"बेइमाना!" माय मागून ओरडली.

चुलीपुढं बसून बापाची तालीम ऐकण्यात तिचा जन्म गेलेला. नायकानं तो शब्द उचलला अन् पुढचं वाक्य असं फेकलं का मांडव दणाणला. पहिली शिट्टी मारली लच्छूभाऊनं, अन् मग उठून तो सगळ्यांदेखत म्हणे, "दिव्यानीचा डबा बंद करन त्यानं आधी माह्याशी बोलावं!"

माय पडद्याआड आली अन् धपकन बसली. "पाणी प्यायले पाय नाल्यात टाकलाच होता वं," ती हळूच म्हणाली. "तेवढ्यात फोन वाजला."

मी ढसाढसा रडली. बाप डोळे पुसून छाती काढून म्हणे, "पाह्यलं? इद्या कोणाची?"

"तुही काऊन? माही!" मी म्हटलं.

"दोघंई शहाणे गप बसा," माय म्हणाली. "मले पाणी द्या."

आम्ही दोघंई एकदमच पाण्याच्या गडव्याकडे धावलो.