मखमल की डब्याचं झाकण

बाबांचं घड्याळ दोन वाजून दहा मिनिटांनी बंद पडलं, आणि बाबांनी हृदयाच्या गोळ्या घेणं बंद केलं. गोळ्या सकाळी आठ आणि रात्री आठच्या होत्या. ते मनगट पुढे करून शांतपणे म्हणायचे, "आठ वाजलेत कुठे?" भिंतीवरचं घड्याळ त्यांना मान्य नव्हतं. ते साबणावर फुकट मिळालेलं होतं.

म्हणून थोरली लेक घड्याळ घेऊन दुरुस्तीच्या दुकानात आली, ती नेमकी रविवारी. रविवारी तिथे घड्याळांच्या शौकिनांची बैठक भरते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दुकानाचा शिरस्ता असा, की घड्याळ त्याच्या पायरीनुसार उघडायचं. वरच्या दर्जाचं मखमलीवर, मधलं जाड लोकरी बनातीवर, उरलेलं बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात. पायरी बैठक ठरवणार, तीही एकमताने.

"जुनी स्विस कंपनी," घड्याळजी काका डोळ्याला भिंग लावून म्हणाले. "मखमल."

"कसली मखमल!" दातांचे डॉक्टर उसळले. "आता विमानतळावर अत्तराच्या बाटल्यांशेजारी विकतात ही."

"यंत्र स्वतः बनवायचे हो ते," रिटायर्ड बँक मॅनेजर म्हणाले.

"बनवायचे! किंमत आजोबांची लावतात आणि देतात नातू."

"काका, नुसतं चालू करून द्या ना," लेक म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. ऑपरेशन टेबलावरच्या माणसाने टाके घालण्याआधी घरी जायला निघावं आणि सर्जनांनी बघावं, तसं.

"ह्या कंपनीच्या मालकांकडे हिच्याहून महाग थोरली कंपनी आहे आणि स्वस्त धाकटी," डॉक्टर म्हणाले. "ही मधली. श्रीमंत घेत नाहीत, गरिबांना परवडत नाही. मधल्यांना कोण विचारतं?"

"मी मधला आहे," मॅनेजर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. त्यांची समजूत काढण्यात एक चहा गेला.

तेवढ्यात आईचा फोन. "झालं का गं? हे दातखीळ बसल्यासारखे बसलेत."

लेकीचं डोकं फिरलं. तिने स्पीकर लावला. "बाबा, तुमचं घड्याळ बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात उघडायचं म्हणतायत."

"कोण म्हणतो?" फोन थरथरला.

"दातांचे डॉक्टर."

"त्याला म्हणावं, तू दाढा उपट! अरे, ह्या घड्याळावर मी अख्खी नोकरी—"

"साहेब, पण जुनं विकायला काढलं तर निम्मे तरी येतात का?" डॉक्टर फोनवर वाकून ओरडले.

"विकायला? बाप विकतोस का रे तू?"

मग खाकरणं, पाण्याचा घोट, आणि आईची कुजबुज: "गोळ्या गिळल्या गं! ओरडायला आ केला, मी टाकल्या. पत्ताच नाही त्यांना!"

लेकीने भिंतीला टेकून डोळे मिटले. पलीकडे बाबा अजून डॉक्टरांचं खानदान काढत होते.

"बरं साहेब, मखमल तर मखमल," डॉक्टर घाम पुसत म्हणाले. "हरलो."

"झालं एकमत," घड्याळजींनी हत्यार उचललं. "फक्त ताई, ह्या कंपनीचं उघडलं की दोन महिने धरा. सुटे भाग तिकडूनच येतात."

लेकीने घड्याळावर हात ठेवला.

"थांबा," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. "मला नाही पटलं. जाहिरातींत नट घेतात, त्याचं काय? आई, फोन ठेवू नकोस. रात्रीच्या गोळ्या जवळ आणून ठेव."